खालाची किताब

आमच्या घरात बोलायचं काम इंजनाकडं होतं. दादा, म्हणजे माझे वडील, मुळातच कमी बोलणारे. माय गेल्यावर तर त्यांनी शब्दही रेशनवर आणले. थोरली बहीण लग्न होऊन निलंग्याला गेलेली. मी दहावी होऊन घरी बसलेली, भाकरी थापताना स्वतःशीच बोलायची आणि आपलाच आवाज ऐकून दचकायची. अहमदपूरहून नांदेडकडे जाणाऱ्या सडकेवर सव्वातीन मैलांवर एक सरकारी रोपवाटिका होती. तिथल्या विहिरीवरचं इंजन दादा चालवायचे, आणि विहिरीपासून शंभर पावलांवर आमची दोन खोल्यांची क्वार्टर. सकाळी सातला इंजन सुरू व्हायचं. आधी जड चाक फिरवल्याचं कण्हणं, मग दोन खोकले, मग टुक, टुक, टुक, आणि दर चौथ्या-पाचव्या ठोक्याला एक लांब फुस्स. त्या आवाजाखाली आमचं गप्प बसणं झाकून जायचं. दुपारी इंजन बंद झालं की ते उघडं पडायचं, आणि ताटातली भाकर मोडल्याचा आवाजसुद्धा मोठा वाटायचा. ज्वारीची भाकर, येसराच्या पिठाची आमटी, असला तर कांदा. दादा जेवताना एवढंच म्हणायचे, "तिखट बरं झालंय." ते रोज म्हणायचे, तिखट कसंही झालेलं असलं तरी.

इंजन निजामाच्या अमदानीत विलायतेहून आलेलं होतं. पेट्रोलवर सुरू करायचं आणि तापलं की रॉकेलवर टाकायचं. अंगावरचा हिरवा रंग फक्त सांध्यांत उरलेला. छातीवर एक पितळी पट्टी होती, तिच्यावरची अक्षरं आयाबायांनी हात लावून लावून गुळगुळीत केलेली. त्याला इंजन कुणी म्हणत नसे, म्हणायचे 'खाला'. ते नाव पहिल्या मिस्त्रीनं, वहीद मिस्त्रीनं ठेवलेलं. खाला म्हणजे मावशी. रुसली तर हात जोडायचे, लाथ मारायची नाही, अशी त्याची शिकवण. दादा त्याच्याच हाताखाली तयार झाले. तो म्हातारा होऊन नांदेडला आपल्या घरी गेला, तेव्हा खाला दादांच्या ताब्यात आली. तिनं जागचं न हलता तीन जिल्हे पाहिले. आधी बीदर, मग उस्मानाबाद आणि मी घरी बसले त्याच सुमारास लातूर. आमच्याकडं नवा जिल्हा झाल्याचे पेढे वाटले गेले. दादांनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, "जिल्हा जवळ आला." त्यात आनंद नव्हता, आणि का नव्हता ते फक्त मला माहीत होतं.

दादांना दिसत नव्हतं. एकदम नाही, कडेकडेनं गेलं. काचबिंदू. अंबाजोगाईच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, की गेलेली नजर परत यायची नाही. तिथून परत येताना एस.टी.त दादा मला म्हणाले, "कुणाला सांगू नको." झालं, तेवढंच. पावलं मोजून ते विहिरीवर जायचे. खालाचा आवाज ऐकून रॉकेल कमी-जास्त करायचे आणि बोटं लावून तिचा ताप बघायचे. किती तास चाललं, किती रॉकेल लागलं, ते लॉगबुक मी लिहायची आणि सही करायच्या जागी त्यांचा अंगठा नेऊन टेकवायची, म्हणजे पेन कुठं ठेवायचा ते त्यांना कळे. जिल्ह्याचं गाव लांब होतं तोवर साहेब वर्षातून एकदा येत आणि चहा पिऊन जात. आता ते दर महिन्याला येणार होते. माझ्या मैत्रिणी अहमदपुरात, कुणाची लग्नं ठरलेली, कुणी लातूरला कॉलेजात. मी कुणाकडं जात नसे, कारण गेले तर तोंडातून निघून जाईल. सतराव्या वर्षी एवढं मोठं गुपित सांभाळणाऱ्या पोरीला मैत्रिणी उरत नाहीत. मला त्याचा राग यायचा, आणि तो राग मी भांडी आपटून काढायची.

पावसानं सलग तिसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. आसपासच्या विहिरींवरच्या नव्या मोटारी नुसती हवा ओढून गरम व्हायच्या, कारण पाणी त्यांच्या आवाक्याखाली गेलेलं. खालाच्या पंपाची गोष्ट वेगळी. त्याचा दट्ट्या थेट विहिरीच्या तळाशी, आणि वरून लांब लोखंडी दांडी खालीवर व्हायची. त्यामुळं हातभर पाणी असलं तरी खाला ते वर आणायची. सकाळी रोपांना सोडायचं आणि उरलेलं हौदात. वस्तीवरच्या बाया घागरी घेऊन हौदावर यायच्या. त्यांतली केवळामाय सगळ्यात पुढं. ती यायच्या आधी तिचा आवाज यायचा.

होळी होऊन गेली होती. एक दिवस टुक-टुक चाललेलं असताना विहिरीच्या तोंडावर कडाड झालं आणि मग खाला मोकळीच पळायला लागली, ओझं टाकून दिलेल्या बैलासारखी. दादांनी धावत जाऊन, पावलं न मोजता, ती बंद केली. पंपाच्या माथ्यावरची छोटी गरारी, म्हणजे दातेरी चाक, फुटली होती. तिचे तुकडे विहिरीत गेले, गाळात. दादा रिकाम्या शाफ्टवरून बोट फिरवत किती तरी वेळ उभे राहिले. त्या दुपारी पहिल्यांदा कळलं, की आपल्या घराला आवाजच नाही.

त्याच आठवड्यात लातूरच्या नव्या कार्यालयाचं पत्र आलं, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. जुन्या यंत्रांची तपासणी होणार होती. जे चालू स्थितीत असेल ते राहील आणि बंद असेल त्याचं निर्लेखन होऊन लिलाव. साहेब महिन्यानं येणार. मी पत्र वाचून दाखवलं. दादा म्हणाले, "चालू असली तर मी बी चालू." खालाबरोबर तेही भंगारात निघणार, हे त्यांनी एवढ्याच शब्दांत सांगितलं. दुसरं कुठलंही मशीन त्यांना देऊन उपयोग नव्हता. नव्या मशीनवर त्यांचं आंधळेपण पहिल्या तासाला उघडं पडलं असतं.

मग मी गरारीच्या शोधाला निघाले. एकटीच, कारण दादांना नेलं असतं तर लोकांना कळलं असतं. लातूरच्या मशिनरीच्या दुकानांच्या ओळीत पहिल्या दुकानदारानं मला बसायला स्टूल दिलं आणि हसायला सुरुवात केली. दुसऱ्यानं, हे इंजन संग्रहालयाला द्या, असा सल्ला दिला. तिसरा जरा भला माणूस होता. तो म्हणाला, "ताई, पुर्जा मिळंल न मिळंल, पण नंबर आणा. नंबराबिगर पुर्जा कोण देईल?" नंबर पुस्तकात असतो आणि पुस्तक इंजनाबरोबर आलेलं असतं, हे मला त्यानं सांगितलं. पितळी पट्टीवर कोळसा घासून मी कंपनीचा पत्ता काढला आणि दहावीच्या इंग्रजीत विलायतेला पत्र टाकलं. त्याचं उत्तर अजून यायचं आहे. नव्या कार्यालयात गेले, तर जिल्हा वाटून आलेले कागद अजून गोणपाटांत बांधलेले होते आणि कारकून त्यांतल्याच एका गठ्ठ्यावर बसून डबा खात होते. ते म्हणाले, "यंत्र तुमचं इकडं आलं, त्याचे कागद तिकडं राहिले. आणि तिकडचे म्हणतील बीदरला राहिले. भाऊ वेगळे झाले की असंच होतं." इथंच सगळं घोडं पेंड खात होतं. आठ दिवस गेले. मी एस.टी.तून उतरून अंधार पडायच्या आत सडकेनं घरी यायची, आणि दारात बसलेले दादा माझ्या चालण्यावरूनच ओळखायचे, की काही मिळालं नाही.

परवा माझ्या भाचीच्या मुलाला मी हे सांगत होते. त्यानं मोबाईल काढला, दोन-तीन शब्द टाकले आणि चहा गार व्हायच्या आत खालाचं अख्खं पुस्तक माझ्यासमोर धरलं. परदेशातल्या कुणा हौशी म्हाताऱ्यानं पान न् पान टाकलेलं आहे म्हणे. जुन्या इंजनांवर जीव लावणारे असे पुष्कळ आहेत आणि ते एकमेकांना नंबर विचारत असतात. "बघ आज्जी, एवढं सोपं," पोरगं म्हणालं. मी चष्मा लावून ती गरारी शोधली. तिच्याशेजारचा आकडा बघितला आणि मोबाईल त्याला परत दिला. त्याला वाटलं मला आनंद झाला नाही. झाला होता, पण त्या आनंदाला पोचायला फार उशीर झाला होता.

शेवटी दादांनाच आठवलं. एका सकाळी चूळ भरता भरता म्हणाले, "वहीद मिस्त्रीकडं किताब होती. नांदेडला नेली त्यानं. जीव होता त्याचा तिच्यावर."

नांदेडला मी तोवर एकदाच गेले होते. या खेपेला एस.टी.त लोह्यापर्यंत उभं राहून, पुढं खिडकीशी. गुरुद्वाऱ्याच्या मागल्या अंगाच्या गल्ल्यांत विचारत विचारत एका जुन्या पुर्ज्यांच्या दुकानात पोचले. वहीद मिस्त्री वारलेले. दुकानात त्यांचा मुलगा, करीमचाचा, पन्नाशीचा, पांढऱ्या बनियनवर बसलेला. मी दादांचं नाव सांगितलं तर तो गादीवरून उठला. "खाला अब्बी जिंदी है?" मी मान हलवली आणि का कोण जाणे, एकदम रडायला आलं. इतक्या दिवसांत तिच्याबद्दल न हसता विचारणारा तो पहिला माणूस. चाचीनं मला आत नेऊन खिचडी आणि चिंचेचा आंबट खट्टा वाढला. चाचानं माळ्यावरून फडक्यात बांधलेली किताब काढली, आधी डोळ्यांना लावली, मग मला दाखवली. ती उर्दूत होती. हैदराबादच्या सरकारनं विलायती पुस्तकाचं उर्दू करून, आकृत्यांसकट छापून घेतलेलं. माझा चेहरा पडलेला बघून चाचा म्हणाला, "तेरे दादा को आती ना उर्दू. मैं दुकानदार हूं बेटी, मिस्त्री नहीं. इसमें छोटी गरारी चार जगह दिखरी. कौनसी होना, वो उन्होंच बताते." भिंतीला लावलेले पत्र्याचे खण त्यानं दाखवले. वहीद मिस्त्रींनी हयातभर जमवलेले जुने पुर्जे, प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी बांधलेली. "नंबर लिखके कारड डाल दे. मैं एस.टी. के डायवर के हात भेजता." किताब त्यानं मला दिली. चाची म्हणाली, भिजवू नको हं.

दादांना उर्दू येत होती ती अशी. निजामाच्या काळात शाळा म्हणजे उर्दूच, आणि आमच्या माणसांना वर्गात बसायची सोय नव्हती. का नव्हती ते नव्यानं सांगायला नको. दादा दाराबाहेर बसायचे. पाटी नव्हती. मास्तरांनी फळ्यावर अक्षर काढलं की दादा ते उजव्या बोटानं डाव्या तळहातावर काढायचे. पुढं आमची सगळी माणसं बुद्धाला शरण गेली, शाळा उघडल्या, दादांनी मराठीही शिकून घेतली. पण अक्षर म्हटलं की त्यांचा डावा तळहात आपोआप उघडायचा. मी किताब मांडीवर घेऊन बसले आणि म्हणाले, मला तर यातलं काही कळत नाही. दादांनी तळहात पुढं केला. "जसं दिसतंय तसं काढ. उजवीकडनं."

मी काढायला लागले. माझ्यासाठी ती अक्षरं नव्हतीच. आकडी, वळण, खाली दोन टिंबं, वर एक. बोटानं तेवढंच त्यांच्या हातावर उतरवायचं. थोडं थांबून ते म्हणायचे, "इंजन." पुढचं. "को." पुढचं. "सायेदार." जागा सावलीची असावी, असं काहीतरी. मी म्हणाले, गरारीचं पान आधी काढू या. तर म्हणाले, "न्हाई. पयल्यापसनं लिही. मधूनच धरलं तर कळायचं न्हाई." पहिल्या दिवशी अर्धं पान झालं. त्यांचा तळहात रॉकेलनं काळवंडलेला, मध्यभागी चामड्यासारखा. तिथं त्यांना माझं बोट नीट लागायचं नाही, म्हणून मी मनगटाजवळच्या मऊ जागेवर लिहायला लागले. सांगायला संकोच वाटतो, पण माय गेल्यापासून मी दादांना हात लावलेला मला आठवत नव्हता. आमच्यात तशी रीतच नव्हती. आता रोज दुपारचं जेवण झालं की चटईवर बसायचं, त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर. लिहिता लिहिता दादा मधेच किताबीबाहेरचं बोलायचे. वहीद मिस्त्री रमजानमध्ये इंजनाशीसुद्धा भांडायचा नाही. मायला खालाची सवत म्हणून चिडवायचे लोक. माय त्यावर काय म्हणायची ते सांगून दादा हसले. मी त्यांना हसताना बघितलं आणि त्यांना ते माहीत नव्हतं. दुष्काळ होता, पाणी नव्हतं, खाला बंद, साहेब यायचा होता, आणि तरी ते आठ दिवस माझ्या आयुष्यातले बरे दिवस होते. खोटं कशाला बोलू.

नवव्या दिवशी आकृतीचं पान आलं. दादांनी विचारलं, "हिरीवरल्या पंपाचं चित्र. छोट्या गरारीपाशी आकडा काय हाय?" आता अक्षरं मला येत नव्हती, पण आकडे येत होते, असा माझा समज. आमच्या सडकेला निजामाच्या वेळचे मैलाचे दगड होते. शाळेत जाता-येता मी पहिला, दुसरा, तिसरा असे तीन दगड रोज बघितलेले. आकृतीत पहिला तिसऱ्या दगडाचा आकडा होता, मग पहिल्या दगडाचा, आणि मग एक वाटोळं. वाटोळं म्हणजे काय ते पहिलीतल्या पोरालाही कळतं. हातावर कशाला लिहायचं? मी तोंडानंच सांगितलं, "तीनशे दहा." आणि त्याच दिवशी अहमदपूरला चालत जाऊन करीमचाचाला कार्ड टाकलं. आकडा मराठीत, मोठा, सुवाच्य. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते माझ्यासारख्यांसाठीच.

पुर्जा आला. साहेब यायच्या आदल्या दिवशी एस.टी. फाटकासमोर थांबली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला आणि खिडकीतून पुडकं दिलं. ग्रीस लावून कागदात गुंडाळलेली गरारी, करीमचाचानं मराठीत लिहिलेली चिठ्ठी बांधलेली, ३१०. मी धावत विहिरीवर गेले. दादा तिथं दगडावर बसलेलेच होते. त्यांनी गरारी हातात घेतली, अंगठा मधल्या भोकात घातला, आणि त्यांचा चेहरा बदलला. तरी एकदा शाफ्टला लावून बघितली. चढेना. भोक लहान होतं.

"आकडा कोणता होता म्हणलीस?"

"तीनशे दहा."

"सांगू नको. लिही."

मी त्यांच्या हातावर तीन काढला, एक काढला, आणि वाटोळं काढलं. दादांनी मूठ मिटली, माझं बोट आतच राहिलं.

"सुमे, हे पाच हाय. उर्दूत गोल म्हंजे पाच. शून्य म्हंजे नुसतं टिंब."

मी त्यांच्यावरच ओरडले, "मग आधी का न्हाई सांगितलं?"

"तू अक्षरं लिवलीस आन् आकडा तोंडानं सांगितलास. मला वाटलं, तुला येतो." मग म्हणाले, "बाकीची किताब मला तोंडपाठ हाय. वहीद मिस्त्री रोज म्हणवून घ्यायचा. आकडे तेवढे न्हाईत पाठ."

मला ते कळायला एक क्षण लागला. "पाठ होती? मग आठ दिवस माझ्याकडनं कशाला लिवून घेतली?"

दादांनी पाना चाचपून उचलला, पुसला आणि डब्यात ठेवला.

मी तशीच सडकेवर आले, नांदेडकडे जाणारी गाडी हात करून थांबवली आणि कंडक्टरजवळ चिठ्ठी दिली. ३१५, घाई आहे, चूक माझी. पण नांदेड काही हाकेच्या अंतरावर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. तरुण, चष्मा लावलेले, बोलायला अगदी सभ्य. मी मनात त्यांना राक्षस करून ठेवलं होतं, त्यामुळं मला आणखीच वाईट वाटलं. दादा इस्त्रीचा सदरा घालून, शंभर पावलं मोजत, पण मोजतोय असं न दाखवता, त्यांना विहिरीवर घेऊन गेले. खालाच्या एकेका भागावर हात ठेवून त्यांनी माहिती दिली. साहेब खूश झाले. "मिस्त्री, तुमच्याइतकं हे इंजन कुणाला कळत नसेल. जरा चालू करून दाखवा."

"एक पुर्जा यायचाय साहेब. दोन दिस."

"मला आज पंचनामा करावा लागेल हो. अजून बारा ठिकाणं आहेत." त्यांनी कागद भरला आणि सहीसाठी पेन दादांच्या डाव्या अंगाला धरला. दादांनी हात उजवीकडं नेला. हवेतच. मी पुढं झाले, पण तोवर साहेबांनी बघितलं होतं. त्यांनी पेन दादांच्या हातात दिला, कागद तसाच धरला, आणि दादांनी सही केली ती छापलेल्या ओळींवर, आडवी. हौदाजवळ केवळामाय रिकामी घागर घेऊन उभी होती, तीसुद्धा गप्प.

"कधीपासून?" साहेबांनी विचारलं.

"चार साल झाले."

"मग चालवता कसं?"

"ऐकून चालवतो साहेब. चालू असती तर दाखवलं असतं."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. ते माझ्याकडं बघत होते. माझ्या मुठीत ती तीनशे दहा नंबरची गरारी होती आणि तिचे दात तळहातात रुतत होते. खरंच दाखवलं असतं त्यांनी. डोळे असलेल्या दहा जणांना जमलं नसतं तसं चालवून दाखवलं असतं, आणि कदाचित तो माणूस पेन खिशात घालून गेला असता. हे कदाचित मी आजवर बाळगून आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी एस.टी.चा हॉर्न वाजला. वरातीमागून घोडं. ३१५. दादा सांगत गेले आणि मी बसवत गेले. गरारी अशी चढली की जशी तिथंच जन्मली. दादांनी चाक फिरवलं, दोन खोकले, आणि टुक, टुक, टुक. बघायला साहेब नव्हते. केवळामाय होती. ती वस्तीकडं तोंड करून ओरडली, "खाला उठली वं!" आणि बाया घागरी घेऊन पळत आल्या. अकरा दिवस चालली खाला. पण कागदावर ती बंदच होती, बाराव्या दिवशी ट्रक आला. दादांनी तिचं रॉकेल काढून घेतलं, टाकी पुसली, झाकण नीट लावलं. ट्रकवाला म्हणाला, "भंगारच हाय की बाबा." दादा म्हणाले, "असू दे." पुढं वस्तीला टँकर सुरू झाला आणि दादांना मेडिकलवर घरी बसवलं. क्वार्टर सोडताना मी मैलाच्या तिन्ही दगडांकडं बघितलं नाही.

किताब आणि ती चुकीची गरारी परत करायला नांदेडला गेले, तर करीमचाचा माझ्याआधी कपाळावर हात मारून म्हणाला, "मैं बी नै पूछा बेटी, कौनसी जबान का नंबर है." त्यानंच आम्हाला नांदेडात खोली बघून दिली. पुढं मला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी लागली. पुस्तकांवर नंबर टाकायची. तीस वर्षं टाकले आणि प्रत्येक शून्यावर थांबून एकदा खात्री करून घेतली. सगळे मला कीस पाडणारी म्हणायचे. चाचीकडून मी उर्दू शिकले, अलीफपासून. संध्याकाळी कामावरून आले की दादा तळहात पुढं करायचे. मी उर्दू पेपर आणायची. मोठ्यानं वाचून दाखवता येत होता, पण दोघांनीही तसं कधी सुचवलं नाही. पाऊस कुठं झाला, भाव काय, कोण वारलं, ते सगळं मी त्यांच्या मनगटाजवळच्या मऊ जागेवर लिहिलं.

शेवटी त्यांना लकवा झाला आणि उजवी बाजू आणि बोलणं गेलं. सरकारी दवाखान्यात, दुपारची वेळ, मी खाटेशी बसलेले. दादांनी डाव्या हातानं माझा हात चाचपून घेतला, उताणा केला, आणि अंगठ्यानं त्यावर एक वाटोळं काढलं. मग थांबले. मी काय म्हणते त्याची वाट बघत होते. एवढ्या वर्षांत त्यांनी त्या गोष्टीचा एका शब्दानं उल्लेख केला नव्हता.

मी म्हणाले, "शून्य."

तोंडाच्या ज्या अर्ध्यात जीव होता, ते अर्धं हसलं. मग त्यांनी त्या वाटोळ्याशेजारी अंगठा टेकवून एक टिंब दिलं, चांगलं दाबून. अंगठा उचलायला त्यांना जमलं नाही, की उचलायचाच नव्हता, ते मला सांगता यायचं नाही. सिस्टर येईपर्यंत तो तिथंच होता.